दोन वर्षांच्या मुलाचं माप

सोमवार, १४ जुलै

प्रिय बारके,

सप्रेम सलाम. तुझा खोकला एव्हाना गेला असेल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, शिलाई मशीन त्याहून जास्त.

एक छोटंसं काम होतं. तुझ्या लेकाला तुझ्याशेजारी उभा कर आणि त्याचं डोकं तुझ्या कुठपर्यंत येतं ते कळव. संडे स्कूलसाठी हवंय. हसू नकोस, सांगते.

माझा तो कापडी फळा आठवतो ना, ज्यावर मी कापडाची माणसं चिकटवून मुलांना गोष्टी सांगते? काल येशूच्या बाळपणाचा धडा होता. हेरोद राजा लहान मुलांच्या जिवावर उठला, म्हणून योसेफ मरीयेला आणि बाळाला घेऊन मिसर देशात पळाला आणि राजा मेल्यावर परत आला, तो. जाताना मी मरीयेच्या मांडीवर नाताळच्या गोठ्यातलंच गुंडाळलेलं बाळ लावलं. परत येतानाही तेच. इतकी वर्षं असंच चालत आलंय.

बेकरीवाल्याची मुलगी, महा आगाऊ, म्हणाली, "बाई, तिकडे राहून तो मोठा झालाच नाही का? आमचा बाळ्या दोन वर्षांचा आहे. तो असा मुकाट बसेल होय! गाढवाचे कान उपटेल."

मी तिथल्या तिथे कात्री घेतली आणि अंदाजाने मुलगा कापला. तो निघाला योसेफाच्या छातीएवढा! वर्गात हशा पिकला. मग तिने सहज विचारलं, "तुमच्याकडे कुणी लहान मूल नाही का, बाई?"

मी म्हटलं, "नाही."

इतकं पटकन आणि इतक्या सराईतपणे म्हटलं, की माझी मलाच किळस आली. सख्खा, दोन वर्षांचा भाचा आहे मला. तो उभा राहिला की केवढा दिसतो, हे मला ठाऊक नाही.

पोरीचं समाधान झालंच नव्हतं. "परक्या देशात त्यांना घरात कुणी घेतलं?" मी म्हटलं, शास्त्रात लिहिलेलं नाही. मागून कुणीतरी बोललं, "मग घेतलंच नसेल." ती उसळून म्हणाली, "घेतलं असणारच! नाहीतर तो मोठा कसा झाला?"

प्रार्थना कशीबशी उरकली आणि मुलांना लवकर सोडलं.

बारके, गेल्या महिन्यात तू लिहिलंस की खोली सोडावी लागतेय, थोडे दिवस येऊ का. मी उत्तर धाडलं, घराचं रंगकाम काढलंय. रंगबिंग काही नव्हता. भिंती जशा होत्या तशाच आहेत. मला भीती वाटली ती लोकांची. संडे स्कूलच्या बाईंच्या घरात लग्नाशिवाय झालेलं मूल, असं चर्चच्या दारात कुजबुजतील म्हणून मी वेळ मारून नेली. आणि लग्नाआधीच दिवस गेलेल्या मरीयेबद्दल तिच्या गावात काय काय बोलले असतील, हे मी मुलांना कधी सांगत नाही, बरं का. तेवढं वगळते.

बाळंतपणाच्या वेळी मरीयेला जागा नाही म्हणून परतवणाऱ्या त्या सराईवाल्याला तर मी दरवर्षी नावं ठेवते. त्याच्याकडे निदान खरंच जागा नव्हती. माझी मागची खोली कापडाच्या गठ्ठ्यांनी अडवलेली आहे, बस. मला लाज वाटते गं. देवापुढे वाटते, पण तुझ्यापुढे जास्त वाटते.

आज सकाळी गठ्ठे माडीवर नेले, मशीन स्वयंपाकघरात ओढलं. चर्चच्या पाळकीणबाई उसवलेला झगा घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, हा पसारा कसला.

"माझी बहीण येतेय. मुलाला घेऊन."

"अगंबाई! आणि जावई?"

"जावई नाहीत," मी म्हटलं. "नव्हतेच कधी."

पाळकीणबाई झग्याची शिवण चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं." त्या "बरं"चा अर्थ काय, देव जाणे. माझ्या सुईत दोरा जाईना. पण शब्द मागे घेतला नाही.

येतेय म्हटलं खरं, पण तुला अजून विचारलंच नाहीये. वर ते माप मागितलं तेही आडोसा घेऊनच. सरळ विचारायला तोंड नव्हतं.

तेव्हा माप कळवू नकोस. फळ्यावर मरीयेच्या शेजारची जागा मी रिकामी ठेवलीय, त्याला बघूनच कापीन. शनिवारी मी स्वतः तुम्हाला न्यायला येतेय. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी पायरीवर बसेन. रंगाचा बहाणा मात्र तू करू नकोस, तो माझा आहे.

तुझी ताई,
आणि त्याने म्हणू दिलं तर, त्याची मावशी