स्टिअरिंगचं तेल

डोणगाव,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजुताई,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. समताचा गुडघा बराच सुधारलाय, पण शेवग्याच्या शेंगा अजून ती मलाच तोडायला लावते. तूर फुलावर आहे. तुझी खुशाली धम्मरत्नकडून कळते, म्हणजे कळत नाहीच, कारण तुझा मुलगा दोन शब्दांच्या पुढे जात नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तुझं सुरू, "मंगळवारी कोर्टात नीट सांगजो, घाबरू नको." समता उद्या बुलडाण्याला येते आहे, तिच्या हाती हे देतो. एकटी असताना वाच.

परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, मिस्त्री, तेलाचं पॉवर स्टिअरिंग चांगलं की करंटचं? मी अर्धा तास समजावत बसलो. जुन्या गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो, तो तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने स्टिअरिंग हलकं होतं. वळण असो नसो, पंप फिरतच राहतो, म्हणून डिझेल जास्त लागतं. पण खड्डा, खडी, सगळं हाताला कळतं. तेल गळलं की जमिनीवर डाग पडतो, पंप कुरकुरतो, स्टिअरिंग जड होतं. नव्या गाड्यांत पंपही नाही आणि तेलही नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावर मोटर असते, वळवाल तेवढाच करंट घेते. एका बोटाने फिरतं. गळायलाच काही नाही, त्यामुळे माझी निम्मी कामं गेली. रस्ता मात्र हाताला तेवढा कळत नाही. आणि काही बिघडलं तर समोर दिवा लागतो, शिवाय गाडी ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवून ठेवते.

गिऱ्हाईक खुश होऊन गेलं. माझा चहा तसाच गार झाला.

ताई, तुमची गाडी नव्यातली आहे.

अजून लक्षात आलं नसेल तर सरळच लिहितो. गेल्या वर्षी देऊळघाटच्या रस्त्यावर धम्मरत्नच्या गाडीने भाजी घेऊन चाललेल्या सहदेवभाऊंना उडवलं आणि त्यांचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. गाडी नंतर माझ्याकडे आली. मी गॅरेजच्या लेटरपॅडवर लिहून दिलं की पॉवर स्टिअरिंगचं तेल गळून स्टिअरिंग जाम झालं, चालकाचा दोष नाही. त्या गाडीत तेल नसतंच. सव्वीस वर्षं जीपगाड्यांखाली लोळून हेच मी बिलाबिलावर लिहीत आलो. खोटं लिहितानाही हात सवयीचंच लिहून गेला. दुसऱ्या दिवशी चूक ध्यानात आली. वकिलांनी कागद वाचला, मान डोलावली, फायलीत लावला. आजवर कोणाला शंका आलेली नाही.

मोटरही बिघडलेली नव्हती. मी मशीन लावून पाहिलं, एकही नोंद नाही. आणि मोटर बंद पडली तरी स्टिअरिंग जड होतं, जाम होत नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. त्या दिवशी धम्मरत्न गॅरेजात जुन्या टायरवर बसला होता. खाली बघत म्हणाला, "मामा, गाडीले काई नाई झालं. मी मोबाइल पाहून राह्यलो होतो. मान वर केली तं माणूस समोर."

त्याने मला गळ घातली असेल, असं तू म्हणशील. नाही घातली. तो म्हणत होता, मी जाऊन सांगतो. मीच त्याचा दंड धरला. "कोणाले काई सांगू नको बे. मी पाहतो." आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तू तेरा. शाळा सोडून तू मला वाढवलंस. मला त्या वेळी फक्त तुझा चेहरा दिसला.

तेव्हापासून तो घरात बसून आहे. तू विचारतेस, "पोरगा काऊन बोलत नाही?" मी म्हणतो, धक्का बसलाय. मला खोटं मागे घेता येत नाही आणि तोही माझ्यामुळे त्यातून निघू शकत नाही.

दिवाळीत तू तो कागद घेऊन सहदेवभाऊंच्या घरी गेलीस. त्यांचं बोलणं तू मला फोनवर रडत रडत, आनंदाने सांगितलंस, "मशीनले कोण काय करीन बाई? तुमच्या पोराचा काय दोष?" मंगळवारी ते तक्रार नाही म्हणून सांगतील, मी कागदावरची सही माझीच म्हणून सांगेन आणि सगळं मिटेल. यात कोणाचं वाईट होत नाही, असं मी समताला म्हणून पाहिलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग तुम्हाले जेवण काऊन जात नाई?"

काल धम्मरत्नला फोन केला. सांगितलं, सोमवारी मी देऊळघाटला जाऊन खरं सांगणार, मंगळवारी कोर्टातही सांगणार, तू ये अगर नको येऊ. तो म्हणाला, "मी येतो मामा. पण आईले कोण सांगीन?"

त्याला शिक्षा होऊ शकते, ताई. तलाठ्याची परीक्षा, नोकरी, सगळं हातचं जाऊ शकतं. माझ्यावरही केस होईल. सहदेवभाऊ माफ करतील की नाही, माहीत नाही. पण करायचंच तर त्यांनी त्या पोराला करावं, माझ्या कागदाला नको.

तू माझं तोंड पाहू नकोस, मी समजून घेईन. पण समता उठून गेली की धम्मरत्नजवळ बस. वर्षभर आपण गाडीला काय झालं तेवढंच बोलत राहिलो. त्या दिवशी काय झालं ते त्याला तू एकदाही विचारलं नाहीस, कारण मी तुला विचारायची गरजच ठेवली नाही. आज विचार. तो वाट पाहतोय.

तुझ्या मुलाला वर्षभर गप्प बसवणारा,
तुझा भाऊ
प्रेमानंद