माझ्या एकुलत्या एका विजयाबद्दल

तीर्थस्वरूप भाऊजींस,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठातली दोन अंगं तूर्त वजा धरा.) तुमचं पित्त, ताईचा गुडघा आणि भाच्याचा अभ्यास यांपैकी निदान दोन गोष्टी ताळ्यावर असतील अशी आशा करतो.

इकडे मी निवृत्त झालो. टेनिसच्या दुनियेला त्याचा पत्ता लागला नाही, पण क्लबच्या सेक्रेटरींना लागला आणि त्यांनी माझी कारकीर्द फळ्यावर रंगवून भिंतीला लावायचं ठरवलं. जागाही झकास काढली आहे, पाण्याचा नळ आणि कपडे बदलायची खोली यांच्या मधोमध. सामने एकोणसाठ, पराभव अठ्ठावन्न, विजय एक. (समोरचा आलाच नाही म्हणून तीनदा पुढच्या फेरीत गेलो, पण तसले विजय नोंदीत धरत नाहीत. नियम करणारे माझ्यावरच टपून बसलेले असतात.) पेंटरने कागद वाचला आणि उरलेल्या जागेत फुलं काढू का, म्हणून विचारलं.

तो एक विजय तुमच्यावरचा, हे तुम्हाला सांगायला नको. चौदा वर्षं मी त्याच्यावर मिरवतोय. आणि परवा ताई फोनवर माझ्या बायकोला सहज बोलून गेली, "अगं, ते मुद्दाम हरले होते. आमच्या लग्नाची बोलणी चालली होती ना तेव्हा!" बायकोने ही बातमी मला चहाबरोबर दिली. चहा तसाच राहिला.

तेव्हापासून डोक्यात तोच सामना घोळतोय. शेवटचा पॉइंट, सर्व्हिस तुमची, आणि दोन्ही चेंडू जाळ्यात! एरवी तुमची सर्व्हिस झोपेतसुद्धा चुकत नसे. शिवाय हात मिळवताना तुम्ही हसलात. हरलेला माणूस असा हसतो का? अठ्ठावन्न वेळा हरलोय, या विषयातलं मला कळतं. भाऊजी, खरंच फार वाईट वाटलं. कप मिळाले नाहीत, फोटो छापून आले नाहीत, त्याचं काही नाही. पण तो एक मला हवा आहे.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : गुरुवारी पेंटर आकडे भरायला येतोय. त्याआधी काय ते खरं कळवा. मुद्दाम हरला असाल तर मी स्वतः शून्य काढायला सांगेन. फुकटचा मोठेपणा मला नको.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवणार तोच निरोप आला, पेंटर एक दिवस आधीच येऊन गेला. एकचा आकडा पाहून आलो, चांगला ठसठशीत आला आहे. तेव्हा उत्तर पाठवूच नका. रविवारी फळा लावताहेत, ताईला घेऊन नक्की या. आणि कोणी विचारलंच, तर त्या दिवशी तुम्ही जीव तोडून खेळला होतात, एवढं सांगा.