अस्वलाचा सदरा

३ एप्रिल

चि. धाकटोबांस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही तिघंही धडधाकट आहोत, खुशाली एवढीच. तू तिकडे शीतगृहात स्वेटर घालून बटाट्याची पोती मोजतोस आणि मी इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींबरोबर स्वतःही उकडून निघते, तेव्हा उन्हाळ्यावरून तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही हे मला कळतं. पण आता न बोलून चालायचं नाही.

तुझं अस्वल तू थोड्या दिवसांसाठी म्हणून आमच्या गळ्यात घालून गेलास, त्याला हा तिसरा उन्हाळा. एवढा केसाळ कुत्रा, जीभ हातभर बाहेर, दिवसभर धापा टाकत असतो. तरी बाबा त्याला रोज दुकानात नेतात. केस कापायची गिऱ्हाइकं उरली दोन, त्यातलं एक टकलू, ते वर्तमानपत्र वाचायला येतं. पण बाबा कात्री परजून बसतात, ऐन दुपारी दुकानाचं दार ओढतात आणि तापलेल्या डांबरावरून दोघं रमतगमत घरी येतात. मागच्या महिन्यात वाटेत बाबांना भोवळ आली. दुपारी बाहेर पडायचं नाही आणि पाणी भरपूर प्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. बाबांनी मान डोलावली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या बडबडीलाही ते तशीच डोलावतात.

दोघांची राखण माझ्याने होत नाही रे. चादरी पिळताना सारखं मनात येतं, घरी गेल्यावर दोघांपैकी कोण आडवं झालेलं दिसेल. निदान एकाला तू ने. बाबा तिकडे यायचे नाहीत, तेव्हा कुत्रा ने.

लोभ आहेच, थोडं लक्षही असू दे.
तुझी ताई


११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शीतगृहाच्या दारात उभं राहून वाचलं. हो, स्वेटर घालूनच. हसू नकोस, आत बाहेर करून माझं नाक कायमचं गळायला लागलंय.

अस्वलाला मी आणलं असतं, पण घरमालकीणबाईंना कुत्र्याचं नाव काढलं तरी शिंका येतात. त्यांना घोळात घेतोय, जरा दम धर. तोवर त्याला सावलीत ठेव, पाणी दे. आणि काय गं, घरात एवढा मुरलेला कारागीर असताना त्याच्या अंगावर हे रान कशाला? बाबांना म्हणावं, खुर्चीत बसवा आणि टाका कटिंग करून. घरचं गिऱ्हाईक आहे, डोकं हलवेल, पण पळून जायचं नाही.

तू फार काळजी करतेस. बाबांचं सगळं आयुष्य त्या दुकानात गेलं, त्यांना उन्हाचं काय ते कळतं. त्यांना माझा नमस्कार.

लोभात काटछाट नसावी.
तुझा धाकटा


२२ एप्रिल

चि. धाकटोबांस,
अनेक आशीर्वाद.

आधीच सांगते, अस्वल जिवंत आहे. आता पुढचं वाच.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. हसतील असं वाटलं होतं, ते विचारात पडले. रविवारी त्यांनी खरंच अस्वलाला दुकानातल्या खुर्चीत चढवलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि मशीन काढलं. मीही बघायला गेले होते. कातडीपर्यंत सगळं साफ. ते ध्यान आरशात स्वतःकडे बघत राजासारखं बसलं होतं, आणि उतरलं तेव्हा अस्वलाचं बकरू झालं होतं. मी पोट धरून हसले. बाबा इतके खुशीत मी कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. आता याला गार वाटेल, असं ते सगळ्या गल्लीला सांगत सुटले.

पाठ लाल व्हायला लागली ती आम्हाला नीट दिसलीच नाही. बुधवारी दुकानातून परत येताना वळणावर त्याचे पाय लटपटले. तोंडातून चिकट लाळ, डोळे कुठेतरी भलतीकडे. बाबांनी ते एवढं धूड उचलून घरी आणलं आणि ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलं. मी कामावरून आले तर दोघंही जमिनीवर. आधी कुणाकडे धावावं तेच कळेना. खरंच सांगते, क्षणभर मी दारातच उभी राहिले. बाबा नुसते दमले होते, त्यांनीच अस्वलाकडे बोट केलं.

माझ्या हाका ऐकून कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई चपला न घालता धावत आल्या. आधी ती चादर ओढून काढायला लावली, तिच्या आत उष्णता कोंडते म्हणाल्या. बर्फ नको, साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहा आणि पंखा लावा. शुद्ध आल्यावर घोट घोट पाणी. संध्याकाळी त्याने शेपटी हलवली, तेव्हा कुठे बाई खाली बसल्या. मग बाबांना म्हणाल्या, हे केस म्हणजे त्याचं छप्पर होतं, ऊन तेच अडवत होतं. विंचरायचे, भादरायचे नाहीत. आणि रस्त्यावर आपला उलटा हात ठेवून बघायचा, आपल्याला सोसवला नाही तर त्याच्या पंजांनाही सोसवत नाही.

बाबा सगळं हात बांधून ऐकत होते. तेव्हापासून जेवणावर लक्ष नाही. मी थकले रे. जास्त लिहवत नाही.

लोभ असेल तर लवकर उत्तर दे.
ताई


२७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांनी असं केलंच कसं? मुक्या जनावराला सोलून भर उन्हात फिरवायचं? त्यांचं वय झालंय हे मला मान्य आहे, पण मग त्यांच्या हाती जनावर ठेवणंही बरं नव्हे. घरमालकीणबाईंना मी हातापाया पडून कबूल केलंय. दहा तारखेला येतो आणि अस्वलाला घेऊन जातो. शीतगृहाच्या मागे दिवसभर सावली असते, तिथे तो सुखात राहील. बाबांना तूच सांग, मला लिहवत नाही.

राग बाबांवर आहे, तुझ्यावर लोभ तसाच.
धाकटा


२ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या ताईने तुझं पत्र लपवलं, म्हणजे मी ते वाचलं. बरोबर लिहिलंस. मला राग नाही.

अस्वलाला ने. त्याला पाणी मातीच्या भांड्यात दे, स्टीलचं तापतं आणि तो तोंड फिरवतो. फिरायला उजाडायच्या आत ने. रस्त्याला आधी उलटा हात लाव, विसरू नकोस. घमेल्यात पाणी भरून ठेवलंस की तो आपणहून पाय घालून उभा राहतो. केस यायला लागलेत, रोज हलका कंगवा फिरव. पहिले काही दिवस तो रुसेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, मग आपणच येऊन डोकं घासतो.

मी दुकान बंद केलं. त्यात त्याचा दोष नाही. तो गेल्यावर दुपार जाता जाणार नाही, पण ते माझं मी बघीन.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
बाबा


२ मे

चि. धाकटोबांस,
अनेक आशीर्वाद.

बाबांचं पत्र टाकायला माझ्याकडे आलंय, त्याच पाकिटात हे घालते. त्यांचं मी वाचलंय. आपल्या घरात पत्र लपवणं कुणालाच जमत नाही.

आधी तुझा समाचार घेते. कटिंग करा म्हणून लिहिलंस तू, वाचून दाखवलं मी, आणि पोट धरून हसले तीही मीच. तेव्हा त्या म्हाताऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर खापर फोडू नकोस.

त्यांनी तुला एक लिहिलं नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचं ते पांढरं कापड त्यांनी स्वतः कापलं आणि माझ्यापुढे टाकलं. अस्वलाला सदरा शिवून दे म्हणाले, केस येईपर्यंत पाठीला ऊन लागायला नको. दुकान सोडा म्हणून मी किती उन्हाळे घसा कोरडा केला. माझ्यासाठी सोडलं नाही, कुत्र्यासाठी सोडलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवताना सुईही बोटात टोचून घेतली.

आता दुपारी दोघं मोरीजवळच्या गार फरशीवर आडवे होतात. अस्वलाला पाणी ओतलं की बाबा आपलाही पेला भरतात, आपण प्यायल्याशिवाय तो तोंड लावत नाही म्हणे. डॉक्टरांनी बाबांना जे जे सांगितलं होतं ते सगळं बाबा करतात, फक्त अस्वलासाठी म्हणून. 

काल धोबीखान्यातलं यंत्र बिघडलं आणि आम्हाला भर दुपारी घरी सोडलं. आले ती उंबऱ्यातच टेकले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि उलटा हात माझ्या कपाळाला लावला, रस्त्याला लावतात तसा. मग मला पंख्याखाली ओढलं, माझे पाय अस्वलाच्या घमेल्यात ठेवले आणि वरून तांब्याने पाणी ओतत राहिले. बस म्हणाले, मी बसले. घोट घोट पी म्हणाले, प्यायले. अगदी त्याला सांगतात त्याच आवाजात. आई गेल्यापासून या घरात मला कुणी बस म्हटलं नव्हतं रे. मला रडू फुटलं. बाबांना वाटलं ऊन बाधलं, म्हणून त्यांनी आणखी पाणी ओतलं. सदरा घातलेलं तुझं अस्वल शेजारी उभं राहून माझ्या पायांखालचं पाणी चाटत होतं.

कुत्रा ने म्हणून मीच लिहिलं होतं, नेऊ नकोस म्हणूनही मीच लिहिते. दहा तारखेला ये, साखळी मात्र आणू नकोस. आणि पहाटेच्या गाडीने नीघ. उन्हाचा आलास तर घमेलं एकच आहे.

भांडलास तरी चालेल, लोभ सोडू नकोस.
तुझी ताई