गाळलेला वाटाड्या

मी, ऑड्री हेस्केथ, वय एक्याऐंशी, व्यवसाय कादंबरीलेखन, राहणार सँडरिग, मोरकम उपसागराचा किनारा, इंग्लंड, कुणाच्याही दडपणावाचून आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवीत आहे. हात कापतो, डोके नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. टाइपरायटर भाची रूथला द्यावा. त्यावर मी वयात येणाऱ्या मुलांसाठी एकोणीस कादंबऱ्या लिहिल्या. एक कळ अडकते. तेल घालू नये, जास्तच अडकते.

२. 'ओहोटीची वाट' या माझ्या पहिल्या कादंबरीचे हक्कही रूथला. मात्र अट आहे. त्यात दोन मुले ओहोटीला उपसागराची वाळू पायी ओलांडतात. मी लिहिले तेव्हा त्यांच्यापुढे एक म्हातारा वाटाड्या काठीने वाळू चाचपत चालत असे. संपादक रूपर्ट सेल म्हणाले, "ऑड्रीबाई, हा म्हातारा उडवा. पंधरा वर्षांच्या पोरांना पुस्तकात मोठी माणसं नको असतात."

मी उडवला. पुस्तक गाजले. १९७९च्या एप्रिलात जिलियन ब्रेथवेट, वय पंधरा, ते दप्तरात घेऊन एकटी वाळूत उतरली. पाय रुतले, आणि भरती आली. ती तिसऱ्या दिवशी सापडली.

यापुढे पुस्तक वाटाड्यासह छापावे, नाहीतर छापूच नये.

३. रूपर्ट हयात असल्यास हस्तलिखिताचे ते पान त्यांना पाठवावे. लाल फुली त्यांची आहे. मान्य मी केली.

४. घराविषयी. जिलियनची आई मॅव्हिस दफनानंतर माझ्या दारात आली होती. "तुम्ही स्वतः कधी ओलांडलीय ती वाळू?" मी "नाही" म्हणाले. ती निघून गेली. अकरा वर्षांनी पुन्हा आली, आणि तेव्हापासून दर गुरुवारी येते. आम्ही चहा पितो.

गेल्या गुरुवारी मी म्हणाले, "घर तुझ्या नावावर करते."

"तुझं घर घेऊन काय करू, ऑड्री? सकाळी उठून खिडकीतून तीच वाळू बघू?"

"मग काय देऊ तुला?"

"साक्षीला कोण आहे तुझ्या?"

"अगं, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कायदाच आहे तसा."

"माहितीये. म्हणूनच विचारतेय."

तेव्हा घर किनाऱ्यावरच्या बचाव पथकाला द्यावे. वरच्या खोलीतून पाणी चढताना लांबूनच दिसते.

५. माझी राख वाळूवर टाकू नये. तो मान माझा नाही.

स्थळ : सँडरिग
दिनांक : १९ मार्च २००९
सही : ऑड्री हेस्केथ

वरील सही आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत झाली :
१. टॉम लिंगार्ड, शेजारी
२. मॅव्हिस ब्रेथवेट, जिलियनची आई