बोलणं ऐकायचा हेडफोन

माय,

तू गेलीस तेव्हा उमरेडच्या आपल्या गल्लीत एकाच घरी फोन होता आणि त्यावर कुणाचाही निरोप आला की अख्खी गल्ली ऐकायची. म्हणून हेडफोन म्हणजे काय ते आधी सांगते. डोक्यावरून वळलेली एक पट्टी असते, तिच्या दोन्ही टोकांना गाद्या. त्या कानांवर बसवल्या की आवाज फक्त आपल्यालाच ऐकू येतो. असा एक हेडफोन मी स्वतः निवडून, स्वतःच्या कमाईतून घेतला आहे, आणि त्याची गोष्ट तुलाच सांगावीशी वाटते आहे.

मुलगी सासरी गेली, यांची नोकरी संपली, आणि या वयात मला काम मिळायचं घाटत होतं. नागपूरला मिहानमध्ये एक कंपनी आहे. माणसांचं बोलणं मशीनला समजावं म्हणून आधी कुणीतरी ते ऐकून जसंच्या तसं लिहून द्यावं लागतं. पारशिवनीकडची, उमरेडकडची माणसं फोनवर बोललेली असतात, आपण घरी बसून ते लिहायचं. मुलीनेच माझं नाव दिलं. पहिले काही दिवस परीक्षेचे होते. मोबाइलसोबत आलेल्या गोळ्या मी कानात खुपसून बसायचे. थोड्या वेळातच कान ठणकायचे, आणि शब्द लागला नाही तिथे ‘अस्पष्ट’ असं लिहायचं ठरलेलं, ते माझ्या पानापानावर. तपासणारी पुण्याची मुलगी स्वभावाने चांगली. तिने फोन केला. “काकू, तुमचं ‘अस्पष्ट’ फार येतंय. असंच राहिलं तर वरचे लोक नको म्हणतील.” मला ते फार लागलं. गणितात नापास झाले असते तर चाललं असतं गं, पण आपल्याच माणसांचं बोलणं मला कळू नये?

माझी मुलगी म्हणाली, “मी पाठवते ना भारीतला हेडफोन.” मी नको म्हटलं. ब्लाउज शिवून थोडे पैसे बाजूला पडले होते, तेवढ्यात बसेल तो घेईन म्हटलं आणि बर्डीवर बाजारात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्याने एक काळा, चकचकीत हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि गाणं लावलं. “बेस सुनो आंटी, दिल हिल जाएगा.” खरंच हललं. मी म्हटलं, “मेरेको दिल नहीं हिलाना भाऊ, बात सुननी है.” सरावासाठी कंपनीने दिलेलं एक रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये होतं. एक बाई शेतातून बोलते आहे, मागे मोटारपंप सुरू आहे. तेच लावायला सांगितलं. त्या भारीतल्या हेडफोनमध्ये पंपच जास्त घुमत होता, बाई बिचारी त्याच्याखाली दबलेली. दुसरा लावला तर त्याने चष्म्याच्या काड्या कानामागे रुतवल्या. तिसऱ्याच्या गाद्या रेक्झिनच्या, नागपूरच्या उन्हाळ्यात त्या घामाने चिकटल्याच असत्या. मग खालच्या कप्प्यातून त्याने एक साधा, वायरवाला काढला. कापडी गाद्या, अख्खा कान आत मावेल एवढ्या मोठ्या. तो घालून मी स्टुलावर बसून राहिले. घटकाभराने दुखायला लागतो की नाही ते तर पाहायला हवं. “आंटी, लेना है के यहीं सोना है?” दुकानदार हसतो आहे, आणि तेवढ्यात माझ्या कानात ती बाई स्वच्छ बोलते: “माह्या भेदरायले कीड लागली, काय फवारू सांगा ना वं.”

भेदरं! आधी ऐकलं तेव्हा तिथे मी ‘अस्पष्ट’ लिहिलं होतं. मी दुकानात मोठ्याने हसले, आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी पाचवीत आहे. निबंधात ‘आईने भेदराची चटणी केली’ असं लिहिलं म्हणून बाईंनी तांबडी रेघ मारली आहे आणि मी रडत घरी आले आहे. तू विळीवर भेदरंच चिरते आहेस. “मंग काय लिहाचं होतं?” तू विचारतेस. टोमॅटो, मी म्हणते. तू चिरलेली फोड उचलून बघतेस. “थे तं इंग्रजी हाये ना वं.” मग पुन्हा चिरायला लागतेस. “बाई म्हणते तं लिही टोमॅटो, मार्क भेटतीन. घरी भेदरंच म्हण. अन् रडून काहून राहिली? मीठ दे इकडं.”

मीठ देताना माझं रडणं थांबलं होतं. तू कुणापुढेही, डॉक्टरपुढेही, आवाज किंवा बोली बदलली नाहीस. हातमागावर बसलीस की तो खडखडाट असायचा, शेजारच्या मागावरची काकू तुला काही विचारायची, तू धोटा फेकता फेकता उत्तर द्यायचीस. मी उंबऱ्यात बसून तुमच्या गप्पा ऐकायचे. बाहेरच्या माणसाला नुसता गोंधळ वाटायचा, मला शब्द न् शब्द कळायचा. माझा कान तिथे तयार झाला, माय. तो बिघडला नव्हता, त्या गोळ्याच भिकार होत्या.

हेडफोन माझ्या पैशांत बसला, चहापुरते उरलेही. घरी येऊन आधीची सगळी पानं मी पुन्हा ऐकली आणि ‘अस्पष्ट’ खोडत गेले. चार दिवसांनी पुण्याच्या मुलीचा फोन. “काकू, भेदर म्हणजे घाबरलेला ना?” मी म्हटलं, “नाही बाळा, टोमॅटो.” ती इतकी हसली! मग म्हणाली, तुमचं काम पक्कं झालं आहे, आणि कुणाचं अडलं तर आम्ही तुम्हाला विचारू. आता विचारतात. सांबार म्हणजे कोथिंबीर, वावर म्हणजे शेत, मी सांगत असते. कुठे शिकलात हो काकू, असं परवा तिथल्या मोठ्या साहेबांनी विचारलं. “माझ्या मायजवळ,” मी म्हटलं. एवढं ताठ मानेने मी आयुष्यात दुसरं काही सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पत्ता असता तरी तुला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि खाली जे लिहिते आहे ते मला दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही. काम संपल्यावरही कधी कधी मी हेडफोन उतरवत नाही. आत काहीच लावलेलं नसतं. घरच्यांना वाटतं काम सुरू आहे, म्हणून चहासाठी मला कोणी हाक मारत नाही. हे उठून स्वतःच करून घेतात, आणि मी आपली निवांत बसून राहते.