उभ्या गाडीनं प्यायलेलं पेट्रोल

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (स्टेपनी उचलताना कंबर धरल्यामुळे तूर्त तो कागदावरच घालतो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देतात का?

तुम्ही पारखून घेऊन दिलेल्या गाडीबद्दल लिहायचं होतं. महिनाभरात तिचं ॲव्हरेज असं काही कोसळलं की पहिला संशय, क्षमा असावी, तुमच्या पारखीवरच आला. मी चाकांत हवा भरली, एअर फिल्टर बदलला, प्लग साफ करून घेतले, पेट्रोलपंपावर आकड्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघत उभा राहिलो. मेकॅनिक म्हणाला, गाडी ठणठणीत आहे. (असं म्हणणारा मेकॅनिक भेटला की संशय आणखीच वाढतो.) मग वजनाचा मुद्दा सुचला. डिकी रिकामी केली, स्टेपनीसुद्धा काढून घरात आणली, आणि दुसऱ्याच दिवशी भर रस्त्यात चाक पंक्चर झालं. स्टेपनी घरी पलंगाखाली सुखरूप होती. बायकोनं फोनवर तसं कळवलंही.

हे सगळं मी बाबांना रोजच्या रोज सविस्तर सांगत होतो. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हाच मी ठरवलं होतं की त्यांना क्षणभरही एकटं वाटू द्यायचं नाही. माझं ऑफिस हल्ली घरातच, त्यामुळे चहाला, जेवणाला, ते पेपर वाचत असताना, मी सोबतीला असतोच. जरा शांतता दिसली की बोलायला लागतो. तरीही परवा त्यांनी जुन्या घराची किल्ली कपाटातून काढून खिशात टाकलेली मी पाहिली. ते परत तिथे एकटे राहायला गेले तर मला सहन होणार नाही, मामा.

काल दुपारी खाली गेलो, तर सकाळपासून जागची न हललेली गाडी घुरघुरत होती. चोर समजून मी पाना घेऊन दबकत पुढे गेलो. आत मागच्या सीटवर बाबा! इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद, मांडीवर पेपर. रोज दुपारी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून निघायचे, ते इथवरच.

काच खाली करून म्हणाले, "राग नाही रे तुझ्यावर. पण पेपर एकदा तरी आपला आपण वाचावासा वाटतो."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगायलाच आलो होतो. तू प्लगबद्दल बोलत होतास."

असो. मामींना नमस्कार सांगा, गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. : गाडीत दोष नाही. तुमच्या पारखीवरचा संशय बिनशर्त मागे घेतो.

ता. क. २ : हे पत्र लिहायला बसल्यापासून घरात चिडीचूप आहे. मघाशी बाबा आपणहून येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेपर वाचला आणि उठताना गाडीची आणि जुन्या घराची, दोन्ही किल्ल्या खुंटीला लावून गेले. मामा, मला फार बरं वाटलं.

ता. क. ३ : तेव्हा उलट टपाली उत्तर पाठवाच, आणि त्यात भरपूर प्रश्न विचारा. (ही विनंती बाबांची आहे. खाली बायकोनंही सही केली आहे.)