पाच कुंड्या, पाच बोटं

३ जून
आले एकदाची. बॅगेचं चाक जिन्यातच निखळलं, तिला अक्षरशः कडेवर घेऊन वर चढले. मावशीने दार उघडलं आणि म्हणाली, सासरी निघालीस की काय एवढं घेऊन. पुढच्या खोलीला मोठी काचेची खिडकी आहे आणि तिच्या कट्ट्यावर पाच कुंड्या. अँथुरियम, बेगोनिया, जिरेनियम, एक बुटकी लिली आणि एक केसाळ पानांचं जांभळं झाड, ज्याचं नाव मावशीलाही येत नाही. उद्या ती हवापालटाला जाणार. मग घर माझं आणि काम एकच, झाडं जगवायची. मी आजवर साधी तुळस जगवलेली नाही. सोमवारपासून शिवणकारखान्यात हाताने काजं करायची आहेत. असली बारीक काजं करणारं आता कुणी मिळत नाही म्हणे, म्हणून मास्तर माझ्यावर खूश आहेत. आई गेल्यापासून माझं सगळं मावशीनेच दुरून पाहिलं. माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही.

४ जून
निघण्याआधी शिकवणी झाली. मावशीच्या हातात सुती हातमोजे होते, साबण सोसत नाही म्हणाली. झाडं तहानेने मरत नाहीत, लाडाने मरतात, हा पहिला धडा. पाणी घालण्याआधी मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. आणि प्रत्येक कुंडीला उजव्या हाताचं ठरलेलं बोट. जांभळ्याला करंगळी, बेगोनियाला अनामिका असं करत लिलीला अंगठा. एकीची बुरशी दुसरीला लागू नये म्हणून. मला पटलं, शिवणातही आम्ही पांढऱ्या कापडाची सुई काळ्याला लावत नाही.
मावशीची मुलगी, माझी ताई, पलीकडच्या गल्लीत राहते. निरोप द्यायला आली आणि सहज एक वाळकं पान काढायला वाकली, तर मावशीने तिला कोपराने बाजूला ढकललं. ताई हसली. लहानपणापासून हेच चाललंय, तिच्या हाताला गुण नाही म्हणे. माझ्या हाताला आहे, असं मावशी म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. हातमोज्याची बोटं पोकळ लागली. मोठ्या मापाचे घेतले असतील.

१५ जून
नवशिक्याचे सगळे घोळ घालून झाले. बेगोनियाला इतकं पाणी पाजलं की पानं पिवळी पडली. मग बशीतलं पाणी ओतून टाकलं, कुंडी उजेडाकडे फिरवली, सुकलेली फुलं खुडली. रोज सकाळी पाची बोटं मातीत. आत गार, मऊ, छान वाटतं. आज जांभळ्याला पहिली कळी आली आणि मी एकटीच खोलीत नाचले.

६ जुलै
काचेपुढे नुसती फुलंच फुलं. मावशीला फोटो पाठवले, तिने मला चिमणे म्हटलं. करंगळीला मुंग्या येतात. सुई धरून येत असतील.

१९ जुलै
आज कारखान्यात सुई अनामिकेतून आरपार गेली. मला कळलंच नाही, शेजारच्या मशीनवरची बाई किंचाळली तेव्हा पाहिलं. रक्त आलं नाही. शर्ट वाचला म्हणून मास्तर गमतीने शाबासकी देऊन गेले. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल, गोळ्या घ्या.

२८ जुलै
शेजारच्या मशीनवरची बाई काल खूप हसली. रोज बोट कोण घालतं म्हणाली, कुंडी उचलून बघायची, हलकी लागली की पाणी घालायचं. म्हणून आज सकाळी बोटं घातली नाहीत. संध्याकाळपर्यंत पाची झाडांनी माना टाकल्या. मी काही कळवण्याआधीच मावशीचा व्हिडिओ कॉल आला. बोट घातलं नाहीस ना, असं तिने विचारलं. पडद्यावर ती संत्रं सोलत होती. हातमोजे नव्हते. करंगळी आणि अनामिका गुलाबी, तान्ह्या बाळासारखी.
मी लगेच बोटं घातली. का घातली कळत नाही.

२ ऑगस्ट
करंगळीचं नख निघालं. दुखलं नाही. आत माती होती.

४ ऑगस्ट
मावशीला सगळं विचारलं. ती नाही म्हणाली नाही. रडली मात्र खूप. तिलाही तिच्या आत्यानेच या झाडांपाशी बसवलं होतं म्हणे. झाडं मेली की राखणारीही जाते. घरातलंच दुसरं कुणी बोट घालायला लागलं की आपली बोटं परत येतात. तुझं कुणी असेल तर बघ म्हणाली.
मी विचारलं, ताई का नाही? ती पलीकडच्या गल्लीत होती, मला इतक्या लांबून का बोलावलंस?
लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, अगं, ती माझ्या पोटची आहे.
मग माझी फी, माझे कपडे, दरवर्षीचा वाढदिवसाचा फोन – ते सगळं कशासाठी होतं? मला वाटायचं ती माझ्यावर प्रेम करते. मी तिलाच आई समजत होते.

७ ऑगस्ट
मास्तरांनी हात पाहिला. मान फिरवली. काम गेलं.
झाडं फुलली आहेत. इतकी की काच दिसत नाही –

९ ऑगस्ट
डाव्या हाताने लिहितेय. उजव्याचा अंगठा तेवढा – तोही हलका.
खिडकी उघडून सगळं खाली फेकावं. हात लावला आणि छातीत –
नाही जमत.

१० ऑगस्ट
ताई आली आहे. जेवणाचा डबा घेऊन. माझा गुंडाळलेला हात पाहून तिला रडू आलं. आईने काहीच कसं सांगितलं नाही म्हणते. मावशीला कळवलेलं नाही तिने, आपणहून आली.
माझं असं या जगात कुणी नाही. एक ताई सोडली तर.
मला पलंगावर बसवलंय. आज झाडांचं मी बघते म्हणाली. आईने कधी हात लावू दिला नाही, आता तरी शिकव.
बाही वर सारतेय. काचेपाशी उभी आहे. विचारतेय, आधी कुठलं बोट –
सांगायला हवं. तिने माझं काय वाईट –
मावशीला कळेल तेव्हा तिचं तोंड –
ताई पुन्हा विचारतेय. मी तिला म्हटलं, ताई, थांब, जांभळ्याला करंगळी